हिल अँड नोल्टन: सिगारेटवाली आणि कुवेतवाली पीआर कंपनी एकच का?

तळटीपवाचक

मंडळी, एक विचारायचं होतं. सध्या मी अमेरिकन सिगारेट कंपन्यांनी पन्नासच्या दशकात काय काय केलं त्याबद्दल वाचतोय आणि त्यात हिल अँड नोल्टन या न्यूयॉर्कच्या पीआर कंपनीचं नाव सारखं येतंय. नाव कुठेतरी ऐकलंय असं वाटत होतं, मग आठवलं की १९९० च्या कुवेत प्रकरणातपण हेच नाव होतं. ती पंधरा वर्षांची मुलगी, नायिरा, वॉशिंग्टनमध्ये रडत रडत सांगते की इराकी सैनिकांनी हॉस्पिटलमधल्या बाळांना इन्क्युबेटरमधून काढून फरशीवर मरायला टाकलं, तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी बघितला असेल. ही दोन्ही कामं एकाच कंपनीची का? मधल्या सदतीस वर्षांत ते काय करत होते, सुरुवात कशी झाली, आणि मुख्य म्हणजे एवढं सगळं बाहेर आल्यावर कुणाला काही शिक्षा वगैरे झाली का? इंग्रजीत जे सापडतंय ते एकतर कंपनीची आरती नाहीतर नुसत्या शिव्या. कुणी नीट सलग सांगेल का?

जुनाभिडू

हो, कंपनी एकच. थोडं लांबेल, पण या विषयाची मला आवड आहे म्हणून सविस्तर लिहितो.

जॉन हिल हा मूळचा पत्रकार. १९२७ मध्ये त्याने ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये ऑफिस थाटलं. क्लायंट कोण तर बँका आणि पोलाद कारखाने. मग मंदी आली, १९३३ मध्ये त्याची क्लायंट असलेली युनियन ट्रस्ट बँक बुडाली आणि त्या बँकेचं प्रसिद्धीचं काम बघणारा डॉन नोल्टन हिलचा पार्टनर झाला. पुढच्या वर्षी अमेरिकन पोलाद उत्पादकांच्या संघटनेचं काम मिळालं म्हणून हिल न्यूयॉर्कला गेला आणि नोल्टन क्लीव्हलंडलाच राहिला, म्हणजे पुढे जगभर जी कंपनी गाजली ती खरं तर एकट्या हिलची.

हे पोलादाचं काम बारकाईने बघायला हवं कारण पुढचं सगळं त्यात आधीच दिसतं. १९३७ मध्ये छोट्या पोलाद कंपन्यांमध्ये मोठा संप झाला, शिकागोत रिपब्लिक स्टीलच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसं गेली. नंतर सिनेटच्या ला फॉलेट समितीने चौकशी केली तेव्हा बाहेर आलं की युनियनविरोधी लिहिणाऱ्या जॉर्ज सोकोल्स्की या नावाजलेल्या स्तंभलेखकाला हिल अँड नोल्टनकडून पैसे जात होते. वाचकाला वाटायचं हे एका स्वतंत्र माणसाचं मत आहे. पैसा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, ही पद्धत तेव्हापासूनची.

आता सिगारेट. १९५३ च्या शेवटी उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, सिगारेटच्या धुरातला चिकटा पाठीवर लावला तर उंदरांना कॅन्सरच्या गाठी होतात असा. शेअर घसरले. अमेरिकन टोबॅकोचा अध्यक्ष पॉल हान याने बाकीच्या कंपन्यांच्या प्रमुखांना डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात बोलावलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं एकत्र बसली आणि काम हिलला दिलं.

आणि हिलचं डोकं कसं चालायचं बघा. कंपन्यांना साहजिकच वाटत होतं की सिगारेट सुरक्षित आहे अशा जोरदार जाहिराती कराव्यात. हिल म्हणाला, नको, उलट आपणच संशोधनाला पैसे देऊ. संघटनेच्या नावात 'रिसर्च' हा शब्द आलाच पाहिजे असा त्याच्या कंपनीचा आग्रह होता. म्हणून तिचं नाव टोबॅको इंडस्ट्री रिसर्च कमिटी. ४ जानेवारी १९५४ ला अमेरिकेतल्या चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत पानभर निवेदन आलं, की आम्हाला लोकांच्या आरोग्याची काळजी आहे, आमच्या मते सिगारेट घातक नाहीत, तरी आम्ही तपास करायला मदत करू. कमिटीचं ऑफिस एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये, हिल अँड नोल्टनचं ऑफिसपण त्याच बिल्डिंगमध्ये, आणि कमिटीचा कारभार बघणारा सेक्रेटरी हिल अँड नोल्टनचाच माणूस. वर शास्त्रज्ञ म्हणून क्लॅरन्स लिटल, मोठा जनुकशास्त्रज्ञ, मिशिगन विद्यापीठाचा माजी अध्यक्ष. पुढची कित्येक वर्षं तो पत्रकारांना सांगत राहिला की अजून काही सिद्ध झालेलं नाही, आणखी संशोधन हवं.

सिगारेटमुळे काही होत नाही असं लोकांना पटवायची गरजच नव्हती. दोन बाजू आहेत एवढं पेपरात छापून येत राहिलं की ओढणारा ओढत राहतो. पत्रकाराला दोन्ही बाजू द्यायची सवय असते, ही सवय हिलला स्वतः पत्रकार असल्यामुळे आतून माहीत होती. स्वतः हिलने चाळीसच्या दशकात तब्येतीच्या कारणाने सिगारेट सोडली होती. हे वाचलं तेव्हा मला खरंच संताप आला, आणि आजही येतो.

मधल्या काळाचं पुढच्या कमेंटमध्ये लिहितो, आता जेवायला बसतोय.

प्रेसनोटवाली

जुनाभिडू, छान लिहिलंय. मी बरीच वर्षं पुण्यात आणि मुंबईत पीआर एजन्सीत काम केलंय, म्हणून आमच्या धंद्याच्या बाजूने थोडं सांगते, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं की पीआर म्हणजे खोटं बोलणं आणि ते तसं नसतं, रोजचं काम बहुतेक अगदी रुक्ष असतं. क्लायंट महिन्याला रिटेनर म्हणजे ठरलेली फी देतो, आपण प्रेस नोट लिहायची, रिपोर्टरला फोन करायचे, महिन्याच्या शेवटी कात्रणांचा कव्हरेज रिपोर्ट बनवायचा, आणि क्लायंटने विचारायचं की अमुक पेपरात का नाही आलं.

पण यातली एक गोष्ट सगळ्या एजन्सीत पहिल्या महिन्यात शिकवतात. कंपनीने स्वतःबद्दल सांगितलं तर ती जाहिरात, तेच एखाद्या डॉक्टरने, प्रोफेसरने किंवा ग्राहक संघटनेने सांगितलं तर ती बातमी. त्यामुळे आपल्या क्लायंटच्या बाजूने बोलणारा बाहेरचा माणूस शोधायचा. माणूस खरंच त्या मताचा असेल आणि पैसे कोण देतंय ते उघड असेल तर यात मला काही गैर वाटत नाही. तो सापडला नाही म्हणून एजन्सीने असा माणूस किंवा अशी संस्था तयार केली आणि मागचं नाव झाकलं की मग ते फसवणं झालं. माझ्यासमोर एकदा असं काम आलं होतं, एका प्रकल्पाच्या समर्थनासाठी 'नागरिक मंच' उभा करायचा होता ज्यात नागरिक कुणीच नव्हते, लेटरहेड मात्र आधी छापून तयार. मी ते केलं नाही आणि ती नोकरीपण सोडली.

कुवेतमध्ये नेमकं हेच झालं, फक्त प्रचंड प्रमाणात. २ ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमध्ये घुसला आणि काही दिवसांतच 'सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत' अशी संस्था हिल अँड नोल्टनची क्लायंट झाली. नाव ऐकून वाटेल साध्या लोकांनी वर्गणी काढली असेल. प्रत्यक्षात जवळपास १ कोटी १८ लाख डॉलर कुवेत सरकारचे आणि बाकी सगळ्यांचे मिळून १८ हजारसुद्धा नाहीत. त्यातले एक कोटीहून जास्त हिल अँड नोल्टनकडे गेले. या पैशात काय काय केलं ते बघा: कॉलेजांत फ्री कुवेत डे, टीशर्ट, गाड्यांना चिकटवायचे स्टिकर, चर्चमध्ये प्रार्थनेचा दिवस, टीव्ही चॅनलना तयार व्हिडिओ बातम्या ज्या चॅनल आपल्याच असल्यासारख्या दाखवायचे. आणि सोबत वर्थलिन ग्रुपकडून सतत सर्व्हे, की कोणता मुद्दा लोकांना लागतो. तेल, लोकशाही, छोट्या देशावर अन्याय हे सगळं तपासून झालं आणि सगळ्यात जास्त काय लागलं तर सद्दामची क्रूरता.

हे सर्व्हे आधी आणि ती साक्ष नंतर, हा क्रम लक्षात घ्या.

जुनाभिडू

जेवण झालं, आता पुढचं. साठ-सत्तरच्या दशकाबद्दल फार लिहीत नाही, कंपनी जगातली सगळ्यात मोठी पीआर कंपनी झाली, तंबाखूचं काम साठच्या दशकाच्या शेवटी सुटलं, हिल म्हातारा होऊन बाजूला झाला, १९८० मध्ये जे वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीने ती विकत घेतली आणि १९८७ मध्ये सगळंच डब्ल्यूपीपी या ब्रिटिश जाहिरात समूहाकडे गेलं.

राजकारणाच्या बाजूने महत्त्वाचा माणूस म्हणजे रॉबर्ट कीथ ग्रे. आयझेनहॉवरच्या व्हाइट हाऊसमध्ये काम केलेला, १९६१ पासून हिल अँड नोल्टनचं वॉशिंग्टन ऑफिस बघणारा. १९८१ मध्ये रेगनच्या शपथविधी सोहळ्याचं काम बघितलं आणि लगेच स्वतःची ग्रे अँड कंपनी काढली. कोण कोणाचा फोन उचलतो ही ओळखपाळख हाच त्याचा सगळा माल. १९८६ मध्ये हिल अँड नोल्टनने त्याची कंपनीच विकत घेतली, ग्रे परत आला आणि वॉशिंग्टन ऑफिस म्हणजे लॉबिंग (क्लायंटच्या बाजूने खासदार-अधिकाऱ्यांचं मन वळवणं) आणि पीआर एकाच छताखाली असं झालं. कुवेतच्या वेळी तिथला प्रमुख होता क्रेग फुलर, जो आधी उपराष्ट्राध्यक्ष बुशचा चीफ ऑफ स्टाफ होता, आणि तोच बुश आता राष्ट्राध्यक्ष. दुसरीकडे व्हाइस चेअरमन फ्रँक मँकिविट्झ, रॉबर्ट केनेडीचा जुना प्रेस सेक्रेटरी. सत्ता कुणाचीही असो, दार उघडं.

आता ती साक्ष, १० ऑक्टोबर १९९०. लोक म्हणतात काँग्रेससमोर साक्ष झाली. नाही. ती झाली काँग्रेशनल ह्यूमन राइट्स कॉकसपुढे, म्हणजे खासदारांचा एक गट, अधिकृत समिती नव्हे. खोली तशीच, टेबल तसंच, माइक तसेच, कॅमेरे होतेच. पण अधिकृत समितीपुढे खोटं बोललं तर कायदा मागे लागतो आणि इथे शपथच नव्हती. कॉकसचे प्रमुख टॉम लँटोस आणि जॉन पोर्टर, एक डेमोक्रॅट एक रिपब्लिकन. याच दोघांशी संबंधित काँग्रेशनल ह्यूमन राइट्स फाउंडेशनला हिल अँड नोल्टनच्याच वॉशिंग्टन ऑफिसमध्ये स्वस्तात जागा दिलेली होती, आणि नंतर त्याच फाउंडेशनला सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेतकडून ५० हजार डॉलरची देणगी मिळाली.

मुलीचं फक्त पहिलं नाव सांगितलं, कुवेतमधल्या नातेवाइकांना धोका नको म्हणून. तिची तयारी हिल अँड नोल्टनने करून घेतलेली, चित्रीकरण त्यांचंच आणि तो व्हिडिओ चॅनलना वाटला त्यांनीच. बुशने ही बाळांची गोष्ट भाषणांत पुन्हा पुन्हा सांगितली. १२ जानेवारी १९९१ ला सिनेटने युद्धाला मंजुरी दिली ती ५२ विरुद्ध ४७ मतांनी, आणि चर्चेत काही सिनेटरांनी ही गोष्ट सांगितली होती. फक्त या साक्षीमुळे युद्ध झालं असं मी म्हणणार नाही, पण इतक्या कमी फरकाच्या मतदानात तिचं वजन शून्य होतं असंही कुणी म्हणू नये.

एक वर्षाने, जानेवारी १९९२ मध्ये, जॉन मॅकआर्थर या पत्रकाराने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की ही मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी आहे. लँटोसला ते आधीपासून माहीत होतं. मग कुवेत सरकारने क्रोल नावाच्या तपास कंपनीला नेमलं, त्यांना तिने सांगितलं की ती त्या हॉस्पिटलात स्वयंसेविका नव्हतीच, काही मिनिटं डोकावली होती आणि इन्क्युबेटरबाहेर एक बाळ क्षणभर बघितलं होतं.

फोंडेकरीण

मी या विषयावर सहसा लिहीत नाही पण आज लिहिते. आमचे पपा तेव्हा कुवेतमध्ये सालमियाला एका कंपनीत स्टोअरकीपर होते. गोव्यातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिथे होतंच, आमच्या वाड्यावरचेच तीन जण. ऑगस्टमध्ये फोन बंद झाले आणि आई रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायची. गुजराल तेव्हा परराष्ट्रमंत्री होते, ते बगदादला जाऊन सद्दामला भेटले, मग लोकांना काढायला सुरुवात झाली. पपा बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या हद्दीवर आले, तिथे वाळवंटात तंबूत राहिले आणि मग अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. एकूण १ लाख ७० हजारांच्या वर माणसं आणली त्या वेळी.

मला सांगायचं हे आहे की तिथे जे झालं ते खरंच भयंकर होतं. पपांनी लुटालूट डोळ्यांनी बघितली, दुकानं, गोदामं, गाड्या, जे उचलता येईल ते इराकी ट्रकमध्ये जात होतं. शेजारच्या इमारतीतल्या एका कुवेती मुलाला उचलून नेलं आणि तो परत आलाच नाही. पपांना नंतर कुणी म्हणालं की इन्क्युबेटरचं सगळं खोटं होतं, तेव्हा ते फार चिडले, कारण ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं की म्हणजे कुवेतमध्ये काही झालंच नव्हतं. खोटी साक्ष देणाऱ्यांनी आमच्या माणसांनी भोगलेल्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासपण घालवला. याचा राग मला त्या कंपनीवर सगळ्यात जास्त आहे.

तळटीपवाचक

फोंडेकरीण, लिहिलंत म्हणून आभार, हे कुठल्याही लेखात वाचायला मिळालं नसतं.

जुनाभिडू, एक शंका. अ‍ॅम्नेस्टीनेपण ही गोष्ट खरी मानली होती ना? म्हणजे मानवी हक्कांचं काम करणारी एवढी मोठी संस्था, त्यांना कसं नाही कळलं? आणि शिक्षेचं राहिलंच.

जुनाभिडू

फोंडेकरीण म्हणतायत ते अगदी खरं आहे आणि तपासातपण तेच निघालं. युद्ध संपल्यावर मार्च १९९१ मध्ये एबीसी चॅनलचा वार्ताहर कुवेतच्या हॉस्पिटलांमध्ये गेला, डॉक्टरांशी बोलला. बाळं दगावली होती, पण डॉक्टर-नर्स देश सोडून गेल्यामुळे, काळजी घ्यायला माणसं उरली नाहीत म्हणून. हे आक्रमणाचंच पाप, यासाठी सद्दामला दोषी धरता आलंच असतं. पण तेवढं पुरेसं नाही असं कुणालातरी वाटलं.

अ‍ॅम्नेस्टीचं म्हणाल तर त्यांनी डिसेंबर १९९० च्या अहवालात ३१२ बाळांचा आकडा दिला आणि १९९१ च्या एप्रिलमध्ये पुरावा मिळाला नाही म्हणून तो मागे घेतला. कुवेत बंद होतं, आत जाऊन बघायची सोय नाही, मिळतील ते सगळे साक्षीदार बाहेर पळून आलेले. त्यातला एक, ज्याने सुरक्षा परिषदेपुढे सर्जन म्हणून सांगितलं की मी बाळं पुरली, तो प्रत्यक्षात दातांचा डॉक्टर निघाला आणि आपण इन्क्युबेटरमधून बाळं काढताना बघितलं नाही असं नंतर त्यानेच सांगितलं. म्हणजे अ‍ॅम्नेस्टीला मुद्दाम कुणी विकत घेतलं असं नाही. एक साक्ष दुसरीला आधार देते, दुसरी तिसरीला, आणि सगळ्यांच्या मागे एकच ऑफिस काम करतंय हे समोर बसलेल्याला दिसत नाही.

शिक्षा? कुणालाही नाही. शपथ नव्हती त्यामुळे खोट्या साक्षीचा गुन्हा नाही. परदेशी सरकारसाठी काम केलं तर नोंदणी करावी लागते असा अमेरिकेत १९३८ चा फारा नावाचा कायदा आहे, तो नाझी प्रचाराच्या भीतीतून आला होता, पण हिल अँड नोल्टनने तशी नोंदणी केलेली होती, म्हणून तर पैशांचे आकडे आपल्याला माहीत आहेत. कागद सरकारी दफ्तरात होते, युद्धाच्या आधी ते काढून जोडणी लावणारा पत्रकार मिळाला नाही, एवढंच.

गुहागरकर

आमच्याकडे काय परिस्थिती आहे तेपण सांगतो. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प आठवतोय ना? १९९५ मध्ये एन्रॉनच्या लिंडा पॉवर्स या बाईंनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं की भारतातल्या लोकांना समजावण्यावर आणि प्रकल्पाच्या जुळवाजुळवीवर कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केले. त्यावर महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, विधानसभेत, पेपरात, एसटी स्टँडवर, सगळीकडे एकच प्रश्न, ते पैसे कुणाला गेले. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, गावात मोर्चे निघत होते. आणि लक्षात घ्या हे आकडे आम्हाला कळले कुठून तर वॉशिंग्टनहून.

पुढे २०१२ मध्ये वॉलमार्टचं तसंच. किराणा क्षेत्रात परदेशी गुंतवणुकीच्या विषयावर लॉबिंग केलं हे त्यांच्या अमेरिकेतल्या कायदेशीर फॉर्ममध्ये दिसलं म्हणून इथे संसद बंद पडली, मग न्यायमूर्ती मुद्गल यांची समिती नेमली. नीरा राडिया या लॉबिंग करणाऱ्या बाईंच्या फोनवरच्या बोलण्याच्या टेप्स २०१० मध्ये आल्या त्या तर फोन टॅप झाले म्हणून. आपल्याकडे लॉबिंग कुणी करायचं, पैसे किती घेतले हे जाहीर करायचा कायदाच नाही. कालिकेश सिंह देव यांनी २०१३ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढे सरकलं नाही. उलट भारताच्या वॉशिंग्टनमधल्या वकिलातीने अणुकराराच्या काळात बीजीआर ही लॉबिंग कंपनी नेमली होती, त्याची कागदपत्रं अमेरिकेच्या न्याय खात्याच्या साइटवर कुणीही बघू शकतं. म्हणजे आपल्या सरकारने तिकडे किती पैसे दिले हे आपल्याला अमेरिकन सरकार सांगणार. मला हे फार लागतं.

प्रेसनोटवाली

गुहागरकर, शंभर टक्के. आणि आमच्या धंद्यातल्या लोकांनीच असा कायदा मागायला पाहिजे, कारण जो सरळ काम करतो त्याचं नाव जाहीर झालं तर बिघडतं काय?

एक भर घालते. तळटीपवाचक, तुम्ही सिगारेट आणि कुवेतबद्दल विचारलंत, पण त्याच १९९० मध्ये या कंपनीने अमेरिकन कॅथलिक बिशपांचं गर्भपातविरोधी मोहिमेचं काम घेतलं तेव्हा ऑफिसातलेच बरेच लोक विरोधात उभे राहिले, न विचारता असं काम घेतलंच कसं म्हणून. कुवेतच्या कामावर तसं काही झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

तळटीपवाचक

आता ही कंपनी आहे का अजून? आणि सिगारेटचे ते आतले कागद बघायला मिळतात का कुठे?

जुनाभिडू

हिल अँड नोल्टन या नावाने नाही. २०२४ मध्ये डब्ल्यूपीपीने ती आणि बीसीडब्ल्यू या आपल्याच दोन कंपन्या एकत्र करून बर्सन नावाची एक केली. यातली बीसीडब्ल्यू म्हणजे जुनी बर्सन-मार्स्टेलर, जिने भोपाळच्या दुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडचं पीआर सांभाळलं होतं. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो लिहायला.

कागद मिळतात. तंबाखू कंपन्यांवर खटले झाले त्यात त्यांचे लाखो आतले कागद उघड करावे लागले, ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेच्या साइटवर फुकट आहेत. सर्चमध्ये कंपनीचं नाव टाकून तारीख डिसेंबर १९५३ ठेवा. प्लाझा हॉटेलच्या बैठकीनंतर हिलच्या माणसांनी कंपन्यांच्या लोकांशी बोलून टाइप केलेल्या नोंदी आणि त्याच महिन्यातला त्यांचा प्लॅन तिथे आहे. हिलची स्वतःची कागदपत्रं विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनच्या हिस्टॉरिकल सोसायटीत ठेवलीत, ती तिकडे जाऊन बघावी लागतात. आपल्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल तर इथे सांगा, मला १९३७ च्या पोलाद संपाची फाइल बघायची आहे.